शब्दांची सोयरीक

ता. १८ नोव्हेंबर १९३५, जळगाव

आज जीनमध्ये, म्हणजे कपाशीतून सरकी काढायच्या आमच्या कारखान्यात, माझी फजिती झाली. मुंबईच्या पेढीला कळवायचे होते की दिवाळीत अवेळी मोठा पाऊस झाला, म्हणून कपास ओली येत आहे. मी 'बिग रेन' असे लिहिले. स्पेलिंग दोनदा तपासले होते, बरोबर होते. मॅनेजर जीवरामभाऊ चोपड्याचे. त्यांनी कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवून हसायलाच लागले.

"निंबा, इंग्रजीत पाऊस मोठा नसतो रे. जड असतो. 'हेवी रेन' लिही."

मी विचारले, जड का?

"ते इंग्रजाला विचार. आणि इंग्रज भेटेपर्यंत तुझ्या आईला विचार, ऊन रणरणतेच का असते, थंडी रणरणती का नसते."

मला नोकरीला लागून आठच दिवस झाले आहेत. धुळ्याला इंग्रजी तिसरीपर्यंत शिकलो, पुढे वडील गेले आणि शाळा सुटली. सोहनलाल शेठजींनी हंगामापुरते घेतले आहे. मार्चमध्ये जीन बंद झाला की मीही बंद. कायम झालो तर आईला धुळ्याहून इकडे आणता येईल. किती दिवस मावशीच्या ओसरीवर पथारी टाकायची?

जीवरामभाऊंनी जुन्या पत्रांची एक जाडजूड फाईल दिली आहे. म्हणाले, "शब्द पाठ करू नकोस. शब्द कोणाबरोबर बसतो-उठतो ते बघ."

ता. २४ नोव्हेंबर

फाईल दोनदा वाचून झाली. भाऊ म्हणाले ते खरे. इंग्रजी शब्द एकटे फिरत नाहीत. 'रिग्रेट' आला की त्याच्या आधी 'डीप' येतोच. 'अटेन्शन' असले की 'प्रॉम्प्ट', 'रिप्लाय' असले की 'अर्ली'. देखरेख असेल तर ती 'स्ट्रिक्ट'च. ही आपल्यासारखीच सोयरीक आहे. कोणाची मुलगी कोणत्या घरी द्यायची हे ठरलेले असते, का ते कोणी विचारत नाही. आपली झोप गाढ, अंधार गडद. उलट केले तर लोक हसतील.

मी जोड्या जमवायला घेतल्या आहेत. आता एकटा शब्द दिसला की मला चैन पडत नाही. लग्नघरी बिनपागोट्याचा पाहुणा यावा तसे वाटते.

सकाळी अंगणात 'प्रॉम्प्ट अटेन्शन, प्रॉम्प्ट अटेन्शन' असे घोकत होतो. समोरच्या घरची भिकुबाई जीनवर निघाली होती. ती जीनच्या यंत्राच्या फिरत्या रुळाशी कपास भरायला असते. नवरा नाही, लहान मुलगी ताईबाई आहे. मला पाहून थांबली.

"काय रे निंबा, भूत लागनं का तुले?"

मी म्हटले, इंग्रजी पाठ करतो आहे.

"मंग शेठले सांग ना तुना इंग्रजीमा, बायास्ले पानी प्यायाले तरी सोडत जा!" असे म्हणून हसत गेली. मावशीही हसली. मला राग आला. विद्येची थट्टा करू नये.

ता. ४ डिसेंबर

माझ्या खिडकीचा उजेड गेला. कचेरीच्या मागच्या भिंतीशी कोणी लोखंडी जाळ्यांची चळत लावून ठेवली आहे, थेट खिडकीच्या वरपर्यंत. बाहेर जाऊन पाहिले तर जीनच्या रुळांपुढे बसवलेल्या असतात त्या जाळ्या. नथ्थू मुकादमाला विचारले.

"मॅनेजरसाहेबांचा हुकूम. जाळीत कपास अडकते, मग बाया थांबतात, मग बैलगाड्यांची रांग नशिराबादच्या नाक्यापर्यंत जाते. जाळी नसली की हात सरसर चालतो."

"पण माझ्या खिडकीशीच का?"

"मग काय शेठजींच्या खिडकीशी लावू?"

हेही खरे. पण दुपारी चारनंतर मला ओळी दिसत नाहीत. अक्षर तिरपे जाऊ लागले आहे. ओळ कलली की मला उगाच वाटते की मजकूरही कलला. जीवरामभाऊंना सांगितले तर ते म्हणाले, "हंगाम संपेपर्यंत तसंच काढ."

ता. ११ डिसेंबर

शेठजींनी आज बोलावून घेतले. मुंबईच्या पेढीने उत्तरात लिहिले आहे की तुमची पत्रे अलीकडे फार व्यवस्थित असतात. शेठजी गादीवर टेकून पान लावत होते. म्हणाले, "देखो निंबाजी, माल तर सगळेच पाठवतात. पण माल बोलतो कागदावर. असंच लिहीत चला, मार्चनंतर बघू आपण."

'बघू' म्हणजे काय? कायम करू असेच ना? विचारायचे धाडस झाले नाही. जागेवर आलो तर आठवेना की कालच्या पत्रात 'रिसीव्ह'मध्ये ई आधी घातला की आय. पोस्टापर्यंत पळत गेलो. थैली निघून गेली होती. 

ता. २० डिसेंबर

आज दुपारी जेवणाच्या सुट्टीआधी जीन एकदम थांबला. पट्ट्यांचा आवाज बंद झाला की कानात कसेसेच होते. मग बायकांचा ओरडा ऐकू आला. भिकुबाईचा उजवा हात रुळात गेला. मी पाहिले नाही, पाहवले नसते. तिला गाडीत घालून इस्पितळात नेले. रुईच्या ढिगाऱ्यावर पडलेला रंग नथ्थूने गोणपाटाने झाकला.

जीवरामभाऊ कपाशीच्या खरेदीला चोपड्याला गेलेले. अशा वेळी सरकारात ताबडतोब कळवावे लागते. शेठजी घामाघूम झाले होते.

"निंबाजी, लिहून टाका. बाईनं सांगितलेलं ऐकलं नाही, हात घातला, हात गेला. थोडक्यात लिहा."

 मी ठरवले की पत्र सरकारात जाते आहे, त्यात एकही शब्द उघडा पडता कामा नये. 'सीरियस इंज्युरी' सहज सुचले. 'डीप रिग्रेट' तर तयारच होते. 'ऐकले नाही' याला 'डिसओबीडियन्स' हा शब्द आहे, स्पेलिंग अवघड पण मला येते. पण तो एकटाच. काही केल्या त्याचा सोबती आठवेना. फाईल उपसली. चार वर्षांमागे एका पहारेकऱ्याला काढून टाकल्याचे पत्र होते, त्यात सापडला: 'विलफुल डिसओबीडियन्स'. इतक्या गडबडीतही बरे वाटले. पत्र शेठजींच्या सहीने गेले. खिडकीच्या अंधारामुळे ओळी मात्र तिरप्याच आल्या, ते मनाला लागून राहिले.

घरी आलो तर मावशी ताईबाईला जेवू घालत होती. मला म्हणाली, "तू तिथेच होतास ना? काय केलंस?" मी सांगितले, सरकारात पत्र लिहिले. तिने पुढचा घास ताईबाईच्या तोंडात घातला.

ता. २३ डिसेंबर

जीवरामभाऊ परत आले. पत्राची नक्कल त्यांनी उभ्याउभ्या वाचली, मग बसून वाचली.

"हा शब्द कोणी सांगितला तुला? शेठजींनी?"

"नाही भाऊ. फायलीत होता."

त्यांनी नक्कल जपून फायलीत लावली. मग पाठीवर थाप मारली. "वकिलालासुद्धा इतकं नेमकं सुचलं नसतं. तू मार्चनंतर कुठे जात नाहीस. मी शेठजींशी बोलतो."

आईला आजच पत्र टाकले. माझ्या इंग्रजीचे चीज झाले. तरी छातीत धडधडते आहे. चांगली बातमी आली की मला नेहमीच असे होते.

ता. २९ डिसेंबर

मावशीबरोबर इस्पितळात गेलो. भिकुबाईचा हात मनगटाच्या वर कापला आहे. चेहरा खूप लहान झाला आहे. मला पाहून म्हणाली, "ये रे इंग्रज."  मी म्हटले, आम्हाला फार वाईट वाटते. 'डीप' म्हणजे खोल असा अर्थ मी मनात घातला, पण मराठीत तो कुठे बसेना.

ती म्हणाली, "कपास अडकनी व्हती. मी बोट घालीसन काढाले गऊ. एवढंच."

मावशीने विचारले, हात घालू नये असे कोणी सांगितले नव्हते का?

"कोन सांगी? माले कोनी सांगेल नव्हतं. सकायपासून नथ्थू तर वरडत व्हता, हात चालाडा, हात चालाडा."

परतताना मावशी पुढे चालत होती. मी उगाचच दुकानांच्या पाट्यांची स्पेलिंगे वाचत आलो. दोन चुकीची होती.

ता. ९ जानेवारी १९३६

आज कचेरीत पाऊल टाकले आणि थबकलो. उजेड! खिडकी मोकळी. जाळ्या कालच कोणी उचलून नेल्या. टेबलावर ऊन पडले होते, दौतीतली शाई निळी दिसत होती. कितीतरी दिवसांनी अक्षर सरळ आले. दिवसाची सुरुवातच प्रसन्न झाली.

दुपारी कारखान्यांचे इन्स्पेक्टरसाहेब आले. सगळ्या जीनवरून फिरले. जीवरामभाऊंनी प्रत्येक जाळी हलवून दाखवली, किती पक्की बसवली आहे ती. साहेबांनी माझ्या पत्राबद्दल विचारले नाही. मला वाटले होते, निदान कोणी लिहिले ते तरी विचारतील.

ता. १४ जानेवारी, संक्रांत

शेठजींनी सर्वांना तिळगूळ दिला आणि मला बाजूला घेऊन सांगितले की एक एप्रिलपासून कायम. त्यांच्या पाया पडलो.

घरी येताना भिकुबाई दारात बसलेली. परवाच इस्पितळातून आणली. तिने लाडू पुढे केला, डाव्या हाताने. मी घ्यायला क्षणभर थांबलो असेन. डाव्या हाताने कोणी तिळगूळ देत नाही.

"घे ना रे. आते डावाच हात राह्यना. देव समजी ली."

मी घेतला.

मग ती म्हणाली, "बठ्ठा लोके सांगतंस, सरकारमायीन भरपाई भेटस. तू मना अर्ज लिखी दे ना निंबा. तुनं इंग्रजी लई भारी शे म्हने."

मी सांगितले की मी तिथलाच नोकर, मला लिहिता येणार नाही. कोर्टाजवळ अर्ज लिहिणारे बसतात. हे म्हणताना मी लाडू चघळत होतो. 

"बरं," ती म्हणाली. "ते तरी धड लिखतंस का? तू दखी ले एकदा."

मी पाहतो असेही म्हणालो नाही.

ता. २७ जानेवारी

भिकुबाईच्या अर्जाची नोटीस आली. जीवरामभाऊंनी उत्तराचा मजकूर सांगितला, मी उतरवून घेत होतो. बाईला 'एक्स्प्रेस ऑर्डर', म्हणजे स्पष्ट हुकूम, दिलेला होता की जाळी काढू नये. तिने मुद्दाम जाळी काढली. सबब मालक जबाबदार नाही.

'एक्स्प्रेस ऑर्डर' ही जोडी माझ्याकडे नव्हती. लिहून घेतली. मग हात थांबला.

"भाऊ, हुकूम कधी दिला?"

"दिला होता."

"आणि 'विलफुल' पुन्हा घालायचे?"

"अरे, तोच तर खांब आहे! कायद्यात कलम आहे. मालकाचा हुकूम बाईने मुद्दाम मोडला असेल तर भरपाई नाही. चुकून, घाईत, अडकलं म्हणून हात गेला असेल तर आहे. तुझ्या पहिल्याच पत्रात 'मुद्दाम' आलं, त्याच दिवशी, त्याच तासाला. आता मागाहून बनवलंय असं कोणी म्हणू शकत नाही. म्हणून तर तुला कायम केला, वेड्या."

मी उत्तर पूर्ण केले. अक्षर सरळ होते. उजेड भरपूर होता. तो उजेडच मला नको झाला. मी खुर्ची फिरवून खिडकीकडे पाठ केली.

ता. २८ जानेवारी

कामात लक्ष नाही. 'विलफुल'चा अर्थ मी कधी पाहिलाच नव्हता, हे आज ध्यानात आले. 'डिसओबीडियन्स'शेजारी बसतो एवढेच माहीत होते. सोयरीक जुळवताना कूळ पाहिले, नवरा कसा आहे ते पाहिले नाही.

शेठजींकडे गेलो. म्हटले, तो शब्द माझा होता, आपण तसे सांगितले नव्हते, काढून टाकता येईल का?

शेठजी रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. "निंबाजी, तुम्ही मुलासारखे. माँजी कधी येतात धुळ्याहून? जीनमागची खोली रिकामी आहे, तिथं राहा. भिकुबाईलाही आम्ही उपाशी ठेवणार नाही, सरकी निवडायला डाव्या हातानं बसेल. पण कागद एकदा बोलला की बोलला."

खोली मी पाहिली आहे. चांगली आहे. आत विहिरीचे पाणी.

ता. ११ फेब्रुवारी

येत्या एकोणीस तारखेला भरपाईचे दावे ऐकणाऱ्या साहेबांपुढे सुनावणी. पत्र मी लिहिले म्हणून मलाही बोलावले आहे. शेठजींच्या वकिलांनी समजावले, "इतकंच म्हणायचं, हे माझं अक्षर, त्याच दिवशी लिहिलं. पुढे काही विचारलं तर, मला माहीत नाही." मी घोकतो आहे. माझे अक्षर. त्याच दिवशी. मला माहीत नाही. मावशीने विचारले, आता कोणते इंग्रजी पाठ करतोस? मी म्हटले, मराठी आहे.

आईचे पत्र आले. भांडी बांधायला काढली आहेत म्हणे.

ता. १९ फेब्रुवारी

जसे झाले तसे लिहितो.

भिकुबाईची जबानी आधी झाली. ती संपल्यावर कारकुनाने शाईची उशी पुढे केली आणि सवयीने म्हणाला, "बाई, उजवा अंगठा."  भिकुबाईच म्हणाली, "डावा धर भाऊ, उजवा जीनमा राह्यना." कारकून कागदावर निशाणीची जागा शोधत राहिला.

मग माझे नाव पुकारले. वकिलांनी पत्र दाखवले. माझे अक्षर? होय. त्याच दिवशीचे? होय. झाले, असे वाटले. पाय आपोआप मागे वळले होते.

साहेब म्हणाले, "थांबा. हा 'विलफुल' शब्द कोणी सांगितला?"

मला माहीत नाही, असे म्हणायचे होते. पण ते खोटे होते. त्या शब्दाबद्दल मला माहीत नाही असे कोणाला वाटावे, हेही मला सोसेना. मी म्हणालो, "कोणी नाही साहेब. मीच लावला. 'डिसओबीडियन्स' एकटा राहत होता."

"एकटा राहत होता म्हणजे?"

मग मी सगळे सांगू लागलो. 'हेवी रेन', 'डीप रिग्रेट', फाईल, पहारेकरी. इंग्रजीत शब्द जोडीने चालतात, म्हणून जोडी लावली. मागे बसलेले लोक हसू लागले. वकीलही हसले, पण ते वेगळे हसणे होते. ते म्हणाले, साक्षीदार कमी शिकलेला आहे, गोंधळला आहे.

साहेब हसले नाहीत. "बाईने जाळी काढताना तुम्ही पाहिले?"

"जाळी तिच्या जीनवर नव्हतीच साहेब. एकाही जीनवर नव्हती. सगळ्या माझ्या खिडकीशी होत्या, चार डिसेंबरपासून. मला उजेड मिळत नव्हता. इन्स्पेक्टरसाहेब यायच्या आदल्या दिवशी उचलल्या."

हे मी ठरवून बोललो की तोंडातून गेले, मला सांगता येत नाही. जीवरामभाऊंकडे मी पाहिले नाही. साहेबांनी माझे पत्र उचलून वर धरले आणि वकिलांच्या कागदांतून नोव्हेंबरचे एक पत्र मागवून शेजारी धरले. पहिल्याच्या ओळी तिरप्या होत्या. दुसऱ्याच्या सरळ.

बाहेर आलो तर भिकुबाई लिंबाखाली बसली होती, मावशी तिला पाणी पाजत होती. मी समोर जाऊन उभा राहिलो. म्हटले, मला अर्थ माहीत नव्हता.



"शब्दले जोडी दिन्ही," ती म्हणाली, "आन् मना हात एकला पाडा."

रागाने म्हणाली की थट्टेने, कळले नाही. मग तांब्या माझ्यापुढे केला. "पी. तोंड सुकायी गयं तुनं."

ता. २० फेब्रुवारी

जीनच्या फाटकात नथ्थू उभा होता. म्हणाला, आत सोडायचा हुकूम नाही. मी विचारले, हुकूम कोणी दिला? तो हसला. "हा मात्र खरंच दिलाय रे निंबा." माझी दौत आणि रूळपट्टी त्याने बाहेर आणून दिली.

ता. १५ मार्च, धुळे

आईने बांधलेली भांडी पुन्हा मांडली.  पितळी डबा मांडताना दोनदा आपटला.

काल मावशी आली. निकाल लागला. भिकुबाईला भरपाई मंजूर झाली. ताईबाईला शाळेत घातले आहे. जीनवर सगळ्या जाळ्या पुन्हा बसल्या. मावशी म्हणाली, "कपास अडकते, बाया खोळंबतात, मजुरी बुडते, आणि बाया तुझ्या नावानं बोटं मोडतात."

"भिकुबाईसुद्धा?"

"ती म्हणते, मोडा वं बायांनो, तुमनी तरी दहा शेत."

मी हसलो. मग बराच वेळ हसू येईना.

आज येथल्या एका तेल गिरणीत कारकुनाच्या जागेसाठी अर्ज लिहायला बसलो. आधीची नोकरी का सुटली ते लिहावे लागते. हाताला सवय आहे, 'अनअव्हॉयडेबल सरकमस्टन्सेस' हे जोडपे आपणहून येऊन बसले. टाळता न येणारी परिस्थिती. चांगले घरंदाज जोडपे आहे, फाईलमध्ये सतरा ठिकाणी असेल. मी ते खोडले. कागद बदलला.

'आय वॉज डिसमिस्ड' असे लिहिले. मला काढून टाकले. 'डिसमिस्ड'मध्ये एस दोन लागोपाठ येतात, ते पुन्हा पाहिले. आधी काही लावावे का म्हणून थोडा वेळ लेखणी धरून बसलो. 'अनजस्टली' सुचले, 'राँगफुली' सुचले, दोन्ही त्या शब्दाच्या सोयऱ्यांतलेच. अर्थ दोघांचेही मला आता माहीत आहेत.

काही लावले नाही. शाई वाळू दिली.